व्याहीबुवांची थंडी

सोमवार, ४

हाउसिंग फुटलं. घरात कुणी गेल्यासारखा दिवस गेला.

बेकरीवालीचं पीठ मळायचं यंत्र. त्याचा मोठा दांडा बेअरिंगवर फिरतो आणि ते बेअरिंग एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या घरात घट्ट बसवलेलं असतं. त्या घराला आम्ही हाउसिंग म्हणतो. बेअरिंग घरापेक्षा केसभर मोठं असतं, म्हणून तर ते ठोकून घालावं लागतं आणि म्हणून तर ते सुटत नाही. अशी किती बसवली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. तीन घावांत काम व्हायला हवं. चौथा लागला तर समजावं, माणूस अजून शिकतोय. आज पहिला बरा पडला, दुसरा बरा पडला, तिसरा जरा कलला. बीड हे पोलादासारखं समजूतदार नाही. वाकत नाही, चेपत नाही, एकदम तडकतं. तो आवाज माझ्या कानांना घाव पडायच्या आधीच कळला होता.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, म्हणजे हिनंही ऐकलं. थोड्या वेळानं चहा आला. पुन्हा त्या उंच पेल्यात, पुन्हा अर्धाच. चार-सहा महिने झाले, कपबशी या घरातून हद्दपार आहे. "बशी वाजत राहते," म्हणते. हातोड्याच्या आवाजात जिनं अख्खा संसार केला, तिला आता बशीचा आवाज सोसत नाही! वय झालं बिचारीचं.

बेकरीवालीला सांगितलं, ओतकामात पोकळी होती. ती म्हणाली, "असेल." या बाईच्या एका 'असेल'मध्ये अख्खी पोलीसचौकी मावते. तिच्या मागच्या अंगणात तसलंच एक मोडकं यंत्र पडलंय. त्याचं हाउसिंग काढून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "हे शेवटचं हं, काका. बनवणारे केव्हाच बुडाले."

ही वही कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. पोकळी नव्हती. घाव माझा होता. हातोड्याचा दांडाही अलीकडे पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण तो वेगळा विषय.

बुधवार, ६

माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण कान पदवीधर आहेत. मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात झाडू मारायला लागलो तेव्हा तिथला म्हातारा मिस्त्री पेचकसाचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून आत काय चाललंय ते सांगायचा. मी ते पाहून शिकलो. पुढं स्वतःचं वर्कशॉप टाकलं, तेही घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, कुणाच्या बापाची मदत न घेता. तेव्हा भिंतीपलीकडचं बोलणं ऐकायला मला पेचकसही लागत नाही.

आज ही नळ सोडून थोरल्या लेकीशी फोनवर बोलत होती. नळ सोडला की मला ऐकू येत नाही, असा तिचा लग्नापासूनचा समज. ऐकलं ते असं: "तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, सहज आल्यासारखं या... नाही गं, उपकार केल्यासारखं वाटता कामा नये... हो, तेवढंच मन रमेल, नाहीतर दिवसभर नुसतं बसून..."

मला अर्ध्या वाक्यातच उलगडा झाला. थोरलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याहीबुवा, गुरांचे डॉक्टर. वर्षापूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून गृहस्थ घरात बसून सुनेला भाजी कशी चिरावी ते शिकवत असणार. थोरली कंटाळली, आईला साकडं घातलं, आणि आईनं ठरवलं की त्यांना माझ्याकडे सोडायचं. माझं वर्कशॉप म्हणजे आता निवृत्त पशुवैद्यांचं पाळणाघर!

बरं आहे. येऊ दे. माणूस वाईट नाही, नुसता सुशिक्षित आहे.

गुरुवार, ७

सहज आले. सहज येणारा माणूस स्कूटरवर दोन पायांमध्ये ॲल्युमिनियमचा भलामोठा कॅन दाबून येतो काय? पण मी चेहरा कोरा ठेवला.

"या, व्याहीबुवा. दूध आणलंत?"

"नायट्रोजन. पातळ केलेला. उणे एकशे शहाण्णव अंश." हे त्यांनी स्वतःच्या नातवाचं वजन सांगावं तसं सांगितलं. "यात आम्ही वळूंचं वीर्य ठेवायचो. पुढं गावोगाव गाई भरवायला."

"मग माझ्याकडे कुठली गाय दिसली तुम्हाला?"

आत ही फस्सकन हसली. व्याहीबुवाही हसले. त्यांना राग येत नाही, हा त्यांचा मोठाच दोष आहे. मग हळूच म्हणाले, "मी वाचलं कुठंतरी. बेअरिंग यात बुडवलं की आक्रसतं. मग हाउसिंगमध्ये आपोआप उतरतं. ठोकायला नको, दाबायला प्रेस नको. आत गेलं की गरम होऊन फुगतं आणि घट्ट बसतं."

"आणि सकाळ-संध्याकाळ दूधही देतं का?"

"तुम्ही हसा. पण किती आक्रसेल ते तुम्हीच सांगू शकाल. मला लोखंडातलं काय कळतंय!"

आता असं म्हटल्यावर माणसानं काय करावं? कागद घेतला. एवढ्या बेअरिंगचा व्यास एवढ्या थंडीत तीन केसांइतका तरी कमी व्हावा. हाउसिंगमध्ये अडचण अर्ध्या केसाची. म्हणजे कागदावर तर ते घरंगळतच आत जाईल. कागदावर काय, सगळंच जातं.

शनिवार, ९

आज डॉक्टरसाहेबांनी पहिले दिवे लावले. हिचा पिठाचा प्लास्टिकचा डबा मागून घेतला आणि त्यात नायट्रोजन ओतला. डबा फुटाण्यासारखा उडाला. ज्या बाईनं एकदा हरवलेल्या चमच्यासाठी मला दोन दिवस धारेवर धरलं होतं, ती म्हणाली, "जाऊ द्या हो, जुनाच होता." व्याह्यांसमोर किती गोड बोलायचं यालाही काही सुमार असतो.

मग थर्माकोलची पेटी आणली. त्यात एक जुनं बेअरिंग सोडलं. कढईत भजं सोडावं तसं चुरचुरलं, पांढऱ्या वाफेचे लोट जमिनीवरून माझ्या चपलांवर आले. चुरचुर थांबली म्हणजे बेअरिंग पुरतं गारठलं. हे मला कानानं कळलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते.

सरावासाठी मी लेथवर बिडाची एक कडी कातून ठेवली होती, हाउसिंगच्याच मापाची. "तुम्हीच धरा," ते म्हणाले, "माझे हातमोजे मोठे होतात." मी सांडशीनं बेअरिंग उचललं आणि कडीत सोडलं. पेराएवढं आत गेलं, तिरकं झालं, आणि बसलं. असं बसलं की जणू तिथंच उगवलंय. दोन सेकंदांचा खेळ. ठोकताना माणसाला चूक सुधारायला वेळ तरी असतो. ही थंडी कुणाचं ऐकून घेत नाही.

सांडशी हलली. सांडशीच तसली आहे.

"चुकलं माझं," व्याहीबुवा म्हणाले. "नेमका मी मध्येच बोललो."

ते काही बोलले नव्हते. पण माणूस स्वतःहून चूक कबूल करतोय तर आपण कशाला अडवावं? मी उदारपणे म्हटलं, "होतं असं. पुढच्या वेळी तोंड बंद ठेवा."

सोमवार, ११

बेकरीवाली स्वतः आली. बाहेरच उभी राहिली, मनगटाला पट्टी बांधलेली.

"चार माणसं हातानं मळतायत, काका. पाचवी मी. पाव असा निघतो की गिऱ्हाईक विचारतं, यानं भिंत बांधू का?"

"होईल."

"शनिवारी सकाळी यंत्र चालू झालं तर झालं. नाहीतर नवीन घेते. ते लोक त्यांचा मिस्त्री बरोबर देतात, टाय घातलेला."

"टाय दांड्यात अडकेल त्याचा."

हसली नाही. जाता जाता आत नजर टाकली. कॅन, थर्माकोल, कडीत वाकडं अडकलेलं बेअरिंग आणि हे सगळं निरखत स्टुलावर बसलेले पशुवैद्य. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तो 'असेल' उमटला.

ती गेल्यावर तिच्याखेरीज अजून नियमानं कोण काम आणतं, याचा हिशेब मनात केला. लगेच झाला. मग दुसरा काही विचार करत बसलो.

मंगळवार, १२

आज मी एकट्यानं करून पाहायचं ठरवलं. व्याहीबुवा शेजारी असले की माझा हात मोकळा राहत नाही, हे त्याचं कारण. दुसरं काही नाही. कॅन ते इथंच ठेवून गेले होते आणि "दार उघडं ठेवूनच काम करायचं बरं का" असं दोनदा बजावून गेले होते. गुरांना बजावायची सवय. मी दार लावलं, खिडकीही लावली. वाफ रस्त्यावर गेली असती तर लोकांनी तमाशा केला असता. शिवाय थंडी बाहेर घालवायची म्हणजे उधळपट्टीच.

पेटी काठोकाठ भरली. चुरचुर ऐकत उभा राहिलो. मग मला फार बरं वाटू लागलं. कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं. सांडशी टेबलावर होती, पण टेबल बरंच लांब गेलं होतं. म्हटलं, जरा खाली बसू. कानात कोरडं बेअरिंग फिरल्यासारखा आवाज यायला लागला. एवढंच आठवतं की त्या आवाजावरून मी मनाशी म्हणत होतो, वंगण संपलंय.

दार लाथेनं उघडलं. हिनं. माझ्या सदऱ्याला धरून मला पोत्यासारखं ओढत अंगणात आणलं. हिच्यात एवढा जोर आहे हे मला इतक्या वर्षांत कळू दिलं नव्हतं. आणि मग जे बोलली! शेजारच्यांनी रेडिओ बंद करून ऐकलं.

दहा मिनिटांत व्याहीबुवा हजर. गल्लीच्या तोंडाशीच होते म्हणे, सहज. हा माणूस पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला.

"दार का लावलंत?"

"थंडी बाहेर जाते."

"थंडी नाही, जीव गेला असता! त्या वायूला वास नाही, रंग नाही. तो खोलीतली हवा बाहेर ढकलतो आणि माणसाला कळतसुद्धा नाही. बैल आडवा होतो हो त्याच्यात!"

"मी बैल नाही."

"बैल निदान सांगितल्यावर दार लावून घेत नाही," ही म्हणाली.

दोघांची चांगलीच युती झाली आहे. माझं मत, सकाळी पोटात काही नव्हतं म्हणून चक्कर आली. तरी इथे ठळक लिहून ठेवतो: दार आणि खिडकी सताड उघडी ठेवायची. हे काही त्यांच्यासाठी नाही.

बुधवार, १३

ही कुठं बाहेर गेली होती. वर्कशॉपात एकटाच होतो, दार उघडं.

सपाटी तपासायची पाणपातळी हातात धरली. बुडबुडा ठरेना. टेबलावर ठेवली, ठरला. म्हणजे पातळी चांगली आहे.

पातळी परत खणात टाकून दिली.

मग कुठल्याशा जुन्या कामातला पाइपचा एक जाड तुकडा दिसला आणि डोक्यात आलं की बेअरिंग हातानं सरळ धरायचंच कशाला? पाइप आतून असा कातायचा की थंड बेअरिंग त्यातून सुळकन जाईल, पण तिरकं व्हायला जागा उरणार नाही. खालून त्याला एक पायरी काढायची, म्हणजे तो हाउसिंगच्या तोंडावर टोपीसारखा बसेल. वरून बेअरिंग सोडलं की ते सरळच खाली जाणार. दुसरा रस्ताच नाही त्याला. लेथवर हत्यार यंत्र धरतं, आपण नुसतं चाक फिरवायचं. दुपारपर्यंत ही लोखंडी बाही तयार. माप इतकं नेमकं आलं की स्वतःच्या पाठीवर थाप मारायला हात मागे नेऊन पाहिला.

हे त्या वाचलेल्या लेखात असेल काय? शक्यच नाही. लेख लिहिणाऱ्यांना बेअरिंग कुठल्या झाडाला लागतं ते ठाऊक नसतं.

गुरुवार, १४

व्याहीबुवांना बाही दाखवली. फिरवून फिरवून पाहिली, दोन्ही बाजूंनी डोळा लावला.

"हे मला जन्मात सुचलं नसतं."

"ते खरंच आहे," मी म्हटलं.

सराव केला. पहिलं बेअरिंग बाहीतच अडलं, कारण बाहेर काढून डॉक्टर त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिले आणि तेवढ्यात त्यावर हिमाची साय धरली. सायीची जाडी कोण मोजणार? सक्त ताकीद दिली: वाफेतून बाहेर, ते थेट बाहीत. त्यांना वाटत होतं, नव्या बेअरिंगला ग्रीस आधीच लावून बुडवावं. मी त्यांची अक्कल काढली. ग्रीसचा त्यात दगड होईल. बेअरिंग कोरडं ठणठणीत बुडवायचं, बसल्यावर साचलेलं पाणी तेलानं हाकलायचं आणि ग्रीस शेवटी. दुसऱ्यांदा बरं गेलं. तिसऱ्यांदा सुळकन सरळ तळाला.

तिन्ही वेळा सांडशी त्यांच्या हातात होती. मी म्हटलं, तुम्हालाही काही करू दे.

शुक्रवार, १५

आज खरं हाउसिंग. शेवटचं.

सकाळी दहाला सगळं मांडलं. दार उघडं, खिडकी उघडी. हाउसिंग पुसून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, वर बाही बसवली. ही दारात ताटाची झाकणी घेऊन उभी होती. काय झाकायचं होतं कोण जाणे. "आत काही काम नाही का?" विचारलं तर म्हणाली, "आहे. करतेय."

नवं बेअरिंग पेटीत सोडलं. चुरचुर सुरू झाली. व्याहीबुवा सांडशी धरून तयार. त्यांच्या कपाळावर घाम, समोर उणे एकशे शहाण्णव.

"आता?"

"नाही."

"पाच मिनिटं झाली."

"घड्याळाला काय कळतंय? थांबा."

चुरचुर बारीक झाली, तुटक झाली, थांबली. मी म्हटलं, "आता."

त्यांनी उचललं. हात तसूभर हलला नाही, हे लिहायलाच हवं. वाफेतून थेट बाहीत. बेअरिंग गेलं. टक्.

व्याहीबुवांनी श्वास सोडला. ही म्हणाली, "झालं?"

झालं नव्हतं. तळाला लागलेल्या लोखंडाचा आवाज भरीव असतो. हा पोकळ होता. एका बाजूनं टेकलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं कागदाएवढं वर राहिलं होतं. डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच, बाही मध्ये होती. मी ओरडलो, "दाबा! दाबा, व्याही! खिडकीकडची बाजू!"

दुसरा कुणी असता तर विचारलं असतं, कशावरून? या माणसानं विचारलं नाही. हातमोज्याची मूठ बाहीत घातली आणि गाईचं वासरू अडलं असताना जसे हात घालत असतील तसा सगळा भार टाकला. ठप्. भरीव.

आणि मग सांध्यातून बारीक टिकटिक सुरू झाली. बेअरिंग गरम होत होतं, फुगत होतं, घराला धरत होतं. हिला ती ऐकू आली नाही, त्यांनाही नाही. मी कान लावून शेवटच्या टिकटिकीपर्यंत वाकून उभा होतो. बिडाला तडा नाही. एकही घाव घातला नव्हता.

"काय ऐकताय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तुम्हाला सांगून कळणार आहे का?"

दुपारी ही म्हणाली, "जेवूनच जा, भावजी." ते तीनदा नाही म्हणाले आणि चारदा वाढून घेतलं.

शनिवार, १६

यंत्र सकाळी सातला चालू केलं. बेकरीवाली पदर खोचून समोर उभी, तिची चार माणसं तिच्यामागं. बटण दाबलं. दांडा फिरतोय हे कळायला तिला त्यावर हात ठेवून पाहावा लागला.

"बंदच वाटतंय की हो."

"चालू यंत्र असंच वाटायला हवं. इतकी वर्षं तुम्ही जे ऐकलंत तो आजार होता."

पीठ टाकलं. भार आला तरी सूर बदलला नाही. पेचकस लावून ऐकलं. आत नुसती रेशमी सळसळ. तिनं मला, मग माझ्यामागं कॅन धरून उभ्या असलेल्या व्याह्यांना न्याहाळलं आणि विचारलं, "कुणी बसवलं हे?"

तोंडात 'मी' आला होता. बाही माझी, कान माझे. पण त्या आवाजासमोर खोटं बोलायला काही जमेना.

"आम्ही," मी म्हटलं.

व्याहीबुवा पिठाकडे बघत राहिले. बेकरीवाली म्हणाली, "दुसऱ्या यंत्राचंही पुढच्या महिन्यात पाहा मग." या बाईच्या तोंडून 'असेल'खेरीज एवढं निघालं, हेच पुष्कळ.

परतताना व्याही म्हणाले, "चला. काम झालं. कॅन द्यायला हवा ज्याचा त्याला. आता काही तुम्हाला माझी गरज नाही."

बोलताना चेहरा असा केविलवाणा केला होता, की माझ्यासारख्या माणसाला बाकीचं आपोआप कळावं. उद्यापासून पुन्हा घर, पुन्हा भाजी कशी चिरावी त्याची चर्चा. मी म्हटलं, "गरज कसली? पण गुरुवारी या. पंपाचं काम येणार आहे. तुम्ही नुसते बसलात तरी चालेल."

"येऊ म्हणता?"

"सहज."

संध्याकाळी हिला समजावून सांगितलं, "त्यांना येऊ दे गं दर गुरुवारी. निवृत्त माणूस, रिकामं मन. आपण मोठेपणानं घ्यायचं. मात्र मी त्यांच्यासाठी करतोय हे त्यांना कळता कामा नये." ही भिंतीकडे तोंड करून डाळ निवडत होती. खांदे हलत होते. सर्दी झाली असणार. एवढी थंडी घरात आल्यावर होणारच.

गुरुवारपासून सांडशी त्यांच्याकडे, हे ठरवून टाकलं आहे. लोखंडातलं त्यांना शून्य कळतं, ग्रीसमधलं त्याहून कमी, आणि बोलतात तर इतकं गोड की माणसाला मुंग्या लागाव्यात. पण हात स्थिर आहे. अशा कामाला एक तरी स्थिर हात लागतो.